हळदीचा सदरा

माझ्या भावाला हळद लागली ती लग्नाची नव्हती, सायकलच्या शर्यतीची होती. नातसुनांना हे सांगितलं की त्या तोंडाला पदर लावून हसतात. हसू देत. ती हळद मीच लावली होती, आणि तेव्हा मीही हसलेच होते.

आमचं माहेर उत्रोलीचं. भाताची खाचरं, दोन बैल, एक म्हैस, आणि आम्ही दोन भावंडं. तो माझ्याहून धाकटा. चिखलात पाय घालायचं त्याच्या जिवावर यायचं. एकदा वडलांनी त्याला नांगराचा फाळ शेवटायला, लोहाराकडून धार काढून आणायला, भोरात पाठवलं. जाताना वाटेत सायकलचं दुकान लागलं, तिथं कोणी पंक्चर काढत होतं, ते बघत हा उभा राहिला आणि तिथलाच झाला. फाळ तसाच परत आला. वडील म्हणाले, "शेतकऱ्याचं पोर आन् लोकांची चाकं फुगवत बसलंय." पण त्याला कुठं ऐकू येत होतं! दुकानदार अंगानं जाडजूड, स्वभावानं तापट. त्याला स्वतःला सायकल येत नव्हती. सबंध भोरला सायकली भाड्यानं देणारा हा माणूस दुकानात मात्र पायी यायचा, आणि त्यावरून कोणी हसलं की त्याला सायकल द्यायचा नाही.

पुण्याहून सुट्या भागांची खोकी यायची. भाग घासू नयेत म्हणून आत विलायती चित्रांचे कागद कोंबलेले असत. माझ्या भावानं ते कागद हातानं सरळ केले आणि खळ लावून दुकानाच्या भिंतीवर डकवले. डोंगर, बर्फ, चिखल, आणि त्यातून वर चढणारे सायकलवाले. छातीवरून आडवी टांगलेली जादा ट्यूब, डोळ्यांवर मोठे चष्मे, तोंड चिखलानं माखलेलं. इंग्रजी शाळेतले एक मास्तर चाकात हवा भरायला यायचे, ते चित्राखालची ओळ वाचून अर्थ सांगत. त्यातून त्याला कळलं ते असं, की फ्रान्स नावाच्या देशात दर साली एक शर्यत होते, आणि तसलीच एक इटलीतही होते.

तो घरी आला की मी तांदूळ निवडत बसलेली असायची. समोर बसून तो सांगायचा, "अक्का, ती आपल्यासारखी एका दमात संपणारी शर्यत न्हाई. सगळ्या देशाला फेरी असती. आज ह्या गावापासनं त्या गावापर्यंत. रातचं झोपायचं. उद्या तिथनं फुडं. असे तीन आठवडं."

"आन् शेवटी पोचायचं कुठं?" मी विचारलं.

"जिथनं निघालं तिथंच."

"मंग निघायचं कशाला?"

त्या दिवशी तो माझ्याशी पुन्हा बोलला नाही.

पण गप्प राहायचा त्याचा स्वभाव नव्हता. दुसऱ्या दिवशी पुन्हा सुरू. तिकडचे डोंगर एवढे उंच, की आपल्या वरंधा घाटावर दुसरा घाट ठेवला तरी पुरायचा नाही. चढ लागला की खाली उतरायचं, मागचं चाक काढून उलटं बसवायचं. चढाला एका बाजूची दातेरी चकती, उताराला दुसऱ्या बाजूची. एखाद्या दिवशी पहिलं येऊन उपयोग नाही, सगळ्या दिवसांचा वेळ एकत्र धरायचा. ज्याचा वेळ सगळ्यांत कमी, त्याला पिवळा सदरा. तो सदरा अंगावर असला की सगळा देश त्याला ओळखतो. मग तो हळू आवाजात म्हणायचा, "म्या एकदा तिथं जानार हाय." मला त्यातलं काही खरं वाटत नव्हतं. पण तो बोलत असेपर्यंत खरं वाटायचं, हेही तितकंच खरं.

माझं लग्न झालं ते वेल्ह्याकडे. घर रस्त्याला लागून, वेल्ह्याच्या थोडं अलीकडे. अंगणात उभं राहिलं की तोरणा समोर. सासर वाईट नव्हतं. सासूबाई तोंडानं फटकळ होत्या, पण ताटात कधी कमी वाढलं नाही. तरी माहेर ते माहेर. निघायच्या दिवशी आई मला निरोप द्यायला दारात आली नाही. लांब निघालेल्या माणसाला मागून हाक मारू नये, डोळ्यांतलं पाणी दाखवू नये, असं आमच्याकडे मानतात. म्हणून आई चुलीपाशी जाऊन बसली, आणि मी तिकडे बघत बघत गाडीत चढले. पुढे मला माहेरची आठवण आली की आई आठवायची नाही, चुलीकडे वळलेली तिची पाठ आठवायची.

एवढ्या लांब माझ्याकडे येणारा एकच माणूस होता. दुकानातली सायकल घेऊन तो धुळीनं पांढरा होऊन यायचा. वळणावर त्याची घंटी वाजली की माझ्या हातातलं काम गळून पडायचं. मग आईनं दिलेली वालांची पुरचुंडी, म्हशीची खबर, वडलांचा राग, सगळं ओट्यावर मांडलं जायचं. तो परत गेला की मी रस्त्यावरच्या चाकाच्या खुणेवर पाय पडू द्यायची नाही. एखादी बैलगाडी जाऊन ती खूण मोडायची, तेव्हा मला त्या गाडीवानाचा राग यायचा. त्याचा काय दोष, पण यायचा.

एकदा तो आला तो मांजरपाटाचा पांढरा सदरा घेऊन. दुकानदाराच्या डोक्यात त्यानं विलायती शर्यतीचं वेड भरवलं होतं. भोरात शर्यत ठरली होती, आणि तीही टप्प्याटप्प्यांची. एक दिवस भोराहून आंबवड्याला जाऊन परत. दुसऱ्या दिवशी किकवीला जाऊन परत. तिसऱ्या दिवशी भोराहून कापूरहोळ, नसरापूर करत थेट वेल्ह्याला, तिथं शेवट. जो जिंकेल त्याला दुकानदार पुण्याच्या मोठ्या दुकानात घालणार होता. तिथले लोक गडी तयार करून मुंबईच्या शर्यतींना नेत. मुंबईच्या पुढे तर आगबोटीच होत्या. भावाचा सगळा हिशेब असा सरळ होता.

"आन् ह्यो सदरा?"

"पिवळा कर. फुडं असंल त्यानं घालायचा. आई करीना. म्हनती लग्नाआधी अंगाला हळद न्हाई लावायची."

आईचं म्हणणं मला पटत होतं. पण तो एवढ्या लांबून आला होता. मी तुरटीच्या पाण्यात सदरा भिजवला, हळद उकळली, आणि त्यात बुडवला. असा पिवळा झाला की सासूबाई म्हणाल्या, ह्यात दोन लग्नं उरकली असती. मी त्याला बजावलं, साबण लावू नको, लाल होईल. तो म्हणाला, "लाल झाला तर इटलीची शर्यत धरायची. तिकडं गुलालाच्या रंगाचा असतोय."

त्या पहिल्या साली आंबवड्याला तो पुढे होता, किकवीलाही पुढे होता. सदरा त्याच्याच अंगावर. वाटेतल्या बायका विचारत, नवरदेव वऱ्हाड सोडून कुठं पळतोय. लोकांना ही शर्यत काही केल्या उमगत नव्हती. कुस्ती बघायची सवय, त्यात कोणाची तरी पाठ मातीला लागलेली दिसते. इथं तीन दिवस नुसतं पळायचं, आणि कोण जिंकलं ते घड्याळ सांगणार.

तिसऱ्या दिवशी मी सकाळपासून अंगणात. वळणावर घंटी वाजली, पिवळा ठिपका दिसला, आणि माझ्या आधी सासूबाई रस्त्यावर गेल्या. एका हातात पाण्याचा तांब्या, एका हातात गूळ. "पाव्हणं, भनीच्या दारावरनं तसंच जायचं व्हय?"

तो थांबला. थांबणारच. बहिणीच्या दारावरून पाणी न पिता जाणारा माणूस आमच्याकडे अजून जन्मायचा होता. पाणी झालं, मग सासूबाई म्हणाल्या, भाकरी तव्यावर हाय. तो नको नको म्हणत ओट्यावर टेकला. त्याचं एक पाऊल जमिनीवर, एक सायकलच्या पायडलवर, आणि तोंडात भाकरी. मला वाटत होतं त्याला म्हणावं, जा. आणि वाटत होतं बसू दे. सदरा रंगवून नेल्यापासून तो आला नव्हता. मी ताक ओतत राहिले. तेवढ्यात किकवीचा एक गडी, त्याच्या मागचा, मान खाली घालून समोरून निघून गेला. त्याला वाटलं, ह्याचं चाक बसलंय.

वेल्ह्यात सदरा भावाच्या अंगातून काढून किकवीवाल्याला घातला. पण किकवीवाल्याचं घर शेतीवर चालत होतं, तो पुण्याला गेला नाही. दुकानदार आठ दिवस माझ्या भावाशी बोलला नाही. नंतर बोलला तो एवढंच, की विलायतेतल्या रस्त्यावर बहिणी नसतात वाटतं.

पुढच्या साली पुन्हा शर्यत ठरली. भाऊ दुकानात जमा झालेला तोच सदरा घेऊन आला, मी पुन्हा हळद लावली. त्यानं तोंडानं काही मागितलं नाही, पण निघताना सासूबाईंच्या तांब्याकडे बघून हसला. तो गेल्यावर सासूबाई तांब्या आत ठेवून आल्या आणि म्हणाल्या, "कडी घालू दाराला."

दिवसाढवळ्या दाराला बाहेरून कडी म्हणजे घरात कोणी नाही, नाहीतर काही बरंवाईट झालंय. आमच्याकडे कडी पडते ती फक्त भात झोडायच्या दिवसांत, सगळं घर वर खळ्यावर जातं तेव्हा, कोंबड्या आत शिरू नयेत म्हणून. पण घरात कोणी नसलं तर पाहुण्याला दोष नाही. पाहुणा पुढे जाऊ शकतो. शर्यतीच्या तिसऱ्या दिवशी सासूबाईंनी स्वतःच्या हातानं कडी घातली आणि शेजारी जाऊन रस्त्याकडे पाठ करून बसल्या. आलेला पाहुणा दारावरून जाताना त्यांना बघवणार नव्हता. मी मागच्या गोठ्यात बसले. तिथून रस्ता दिसत नाही, ऐकू येतो.

घंटी वाजली. वळणावर वाजते तशी एकदा. मग चाकांचा आवाज जवळ आला, आमच्या अंगणाशी मंदावला. मी श्वास धरून बसले होते. उठून गेले असते तर तो थांबला असता, एवढं सोपं होतं. मग घंटी पुन्हा वाजली, लांबलचक, आणि चाकं निघून गेली. मी गाईच्या पाठीवर हात ठेवून रडले. आईला चुलीपाशी बसून काय होत असेल ते मला त्या दिवशी कळलं.

तो जिंकला. वेल्ह्याहून संध्याकाळी सरळ आमच्याकडे आला. घामानं सदऱ्याची हळद मानेला लागलेली, कानामागे लागलेली. सासूबाईंनी त्याला ओवाळलं आणि गेल्या सालची राहिलेली भाकरीसुद्धा आता खा म्हणाल्या. जेवताना तो माझ्याकडे बघून म्हणाला, "तू गोठ्यात हुतीस."

"कशावरनं?"

"बांगड्या वाजल्या."

तो पुण्याला गेला. माझी त्याची भेट कमी झाली, मग फारच कमी. पुणे ते वेल्हे सायकलवर यायला त्याला काही वाटलं नसतं, पण दुकानात सुट्टी मिळायची नाही. मुंबईच्या शर्यतीला गेला, मधल्या कुठल्यातरी जागी आला, त्यातही खूश होता. मी वळणाकडे कान लावून बसायची. कोणाचीही घंटी वाजली तरी उठायची. नवरा म्हणायचा, अगं, तो तलाठी आहे.

मग तिकडे लढाई पेटली आणि ती शर्यतच बंद पडली. आधी फ्रान्सातली, पुढे इटलीतलीही. ज्या रस्त्यांवरून सायकली जायच्या तिथून पलटणी जाऊ लागल्या. कोणी आल्यागेल्यानं सांगितलं, तुमचा भाऊ लष्करात भरती झाला, गाड्या दुरुस्त करतो. मला त्याचं मन माहीत होतं. सायकलवर नाही तर लष्कराच्या गाडीतून, पण त्याला तिकडे जायचं होतं.

त्या साली भात चांगलं आलं होतं. आम्ही सगळे वर खळ्यावर झोडणीला गेलो होतो, सासूबाईसुद्धा. दाराला कडी. गोठ्यात एकटं वासरू ठेवलं होतं, गळ्यात घुंगरू बांधलेलं. दिवस मावळताना खाली आलो तर कडीत काहीतरी खोचलेलं दिसलं. काढून बघितलं. तो सदरा होता. हळद उडून गेलेली, कुठं कुठं फक्त शिवणीत पिवळी राहिलेली.

आमच्या वरच्या वाडीत शेळ्यामेंढ्यांवाली एक म्हातारी होती, ताक न्यायला यायची. ती त्या दुपारी शेळ्या घेऊन गोठ्याच्या वरच्या उतारावर होती, बोललेलं ऐकू येईल एवढ्या जवळ. तिनं सगळं बघितलं होतं. तिनं सांगितलं ते मी किती वेळा सांगायला लावलं, ती बिचारी कंटाळली नाही.

"सायकलवर आला. अंगात खाकी. कडी बघितली आन् उभा ऱ्हायला. मला वाटलं हाक मारंल. तर न्हाई. गोठ्याच्या भितीला कान लावला. आन् हसला बाई, एकलाच."

"हसला?"

"व्हय. मंग भितीशीच बोलाय लागला. म्हनला, अक्का, कळलं मला. तू भायर येऊ नगं. आई बी आली न्हाई. लांब चाललोय, आज रातीची गाडी हाय. सदऱ्याचा रंग उडालाय, परत हळद लाव. आलो का घालीन. आन् गेला."

वासराचं घुंगरू वाजलं असणार. त्याला ते माझ्या बांगड्या वाटल्या.

म्हातारीला वाटलं, मी खरंच आत आहे. भावाबहिणीचं काही बोलणं असेल म्हणून ती वरून ओरडली नाही. खळं तिथून असं कितीसं लांब होतं. त्यानं एक हाक मारली असती तर मी पायात काटे मोडत धावत आले असते. पण लांब निघालेल्याला मागून हाक मारू नये हे जसं आम्हाला शिकवलेलं, तसंच आत बसून रडणाऱ्या बाईला बाहेर बोलवू नये हेही त्याला शिकवलेलं होतं.

मी त्याच आठवड्यात हळद उकळली आणि सदरा रंगवला.

लढाई संपत आली तेव्हा उत्रोलीला सरकारी कागद आला. वडील तो घेऊन माझ्याकडे चालत आले, एवढं मला आठवतं. बाकीचे ते दिवस मला आठवत नाहीत आणि मी आठवायला जात नाही.

त्यानंतर बऱ्याच महिन्यांनी अंगणात एक सायकल उभी राहिली. किकवीचा तो गडी. तोही पलटणीत गेला होता, आणि दोघं तिकडे इटलीत एकाच गाडीवर होते. तो ओट्यावर बसला, सासूबाईंनी त्याला पाणी आणि गूळ दिला. तो खाली बघून बोलत होता.

"डोंगरातला रस्ता लागला का त्यो गाडीतनं मान भायर काढायचा. वळनं बघायचा. म्हनायचा, हितनंच जात्यात ते, चित्रात हुतं ते ह्येच. मी म्हनायचो, गप बस, गोळी लागंल. तर म्हनायचा, परत आपली शर्यत धरू, औंदा तुला फुडं जाऊ देनार न्हाई." मग त्यानं सांगितलं, एका पुलापाशी झालं, फार वेळ लागला नाही.

मी विचारलं, "माझं काही बोलायचा का?"

"लई. म्हनायचा, निघताना अक्काला भेटून आलो. भायर आली न्हाई, पर आत हुती. म्हनायचा, बांगड्या वाजल्या."

मी त्याला खरं सांगितलं नाही. सांगून कोणाचं काय भलं होणार होतं? माझ्या भावाच्या लेखी मी त्या दिवशी गोठ्यात होते. तो मला भेटून गेला. न भेटलेली मी एकटीच राहिले. हेच बरं, असं मी स्वतःला समजावत आले. अजून समजत नाही.

किकवीवाल्याची नजर आतल्या दांडीवर गेली. सदरा तिथं असायचा. एक साल त्याच्याही अंगात तो होता, त्यानं लगेच ओळखला. म्हणाला, "रंग तर ताजा हाय." मी म्हटलं, हो, दर साली झोडणी झाली की लावते.

तेव्हापासून आमच्या दाराला दिवसा कडी पडली नाही. सगळे खळ्यावर गेले तरी दार उघडं असायचं. कोंबड्या घरात शिरायच्या, चुलीपर्यंत जायच्या, तांदळाची परात उपसून ठेवायच्या. सासूबाई फटकळ होत्या म्हटलं ना, पण यावरून मला त्या कधी काही बोलल्या नाहीत. खळ्यावरून आलं की त्या केरसुणी घ्यायच्या आणि कोंबड्यांनी केलेलं सगळं गुपचूप झाडून काढायच्या.